धोटाबाईंचा माग थांबेना

गिरणीतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी धोटाबाईंनी फ्रिजचं बटण बंद केलं. मग पंख्याचं. मग दिवाणखान्यातल्या घड्याळाचा सेल काढला. तरी समाधान होईना, तेव्हा स्टुलावर चढून त्यांनी घराचा मेन स्विचच खाली ओढला. न्हाणीघरात दाढी करणारा त्यांचा नवरा अंधारात उभाच राहिला. एका गालावर साबण, दुसरा गाल कोरा.

"अगं, काय चाललंय?" तो बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"चालतंय ना काहीतरी! तेच तर शोधतेय. घर्रर्र, खट, घर्रर्र, खट. तुम्हाला येत नाही आवाज?"

नवऱ्यानं वस्तरा हातात धरून कान टवकारले. "येतो ना. तुझा."

"थट्टा नको हं."

"मग वर जाऊन बघ. त्यांचा पंप असेल."

धोटाबाई चपला न घालताच वर गेल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून अर्धवट झोपेत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडे पंपच नाही हो."

धोटाबाई खाली आल्या. घर्रर्र, खट. आवाज त्यांच्याबरोबर जिना चढला होता आणि त्यांच्याबरोबरच उतरला.

आता हे नाव. खरं नाव रेशनकार्डावर असेल. गिरणीत मात्र त्या पहिल्या वर्षापासून धोटाबाई. धोटा म्हणजे मागावर बाण्याचा आडवा दोरा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारी लाकडी होडी. ती थांबली की कापड थांबतं. आणि ही बाई चार माग एकटी सांभाळायची. इकडे तुटला धागा सांध, तिकडे धोट्यातली दोरा संपलेली कांडी बदल. जेवायच्या सुट्टीतही डबा हातात घेऊन उभ्यानं खायची. कुणीतरी म्हणालं, ही बाई नाही, धोटा आहे. झालं, चिकटलं.

गिरणीच्या त्या विणकाम खात्यात बोलणं कानांनी चालत नसे. शेकडो माग एकदम धडधडताना ओरडून काय होणार? जो ओरडतो तो नवखा. जुन्या बायका आवाज काढतच नसत. तोंड मोठं उघडायचं, शब्द ओठांवर सावकाश घडवायचा, भुवया आणि हनुवटी मदतीला घ्यायची. आणि चार माग पलीकडची बाई खो खो हसायची. त्या खात्यात लग्नं ठरली, भांडणं झाली, जॉबरसाहेबाच्या, म्हणजे मुकादमाच्या, केसांच्या टोपाबद्दल त्याच्या डोक्याशी उभं राहून चर्चा झाली आणि त्याला पत्ता लागला नाही.

पण त्यातच मेख होती. सगळ्यांनीच टोप्या घातल्यावर टक्कल कुणाला पडलंय ते कसं कळणार? सगळेच डोळ्यांनी ऐकत होते, त्यामुळे कुणाचे कान शाबूत आहेत आणि कुणाचे केव्हाच ऐकेनासे झालेत, याची चौकशी कुणी केली नाही. धोटाबाईंनीही नाही. त्यांना वाटायचं, आपल्याला छान ऐकू येतं. लोकच हल्ली पाठ करून बोलतात. शिस्त राहिली नाही.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा; गल्लीत त्याला पेंटर म्हणत. बायकोशी बोलायचं तर हातातला ब्रश ठेवून, उठून, तिच्यासमोर येऊन उभं राहायचं, ही सवय त्याला कधी लागली ते त्यालाही आठवत नव्हतं. धोटाबाईंना वाटायचं, माणूस प्रेमळ आहे. पेंटरलाही तसंच वाटायचं.

हे सगळं असंच गोडीगुलाबीनं चाललंही असतं. पण घरात कांडी होती.

कांडी म्हणजे लेकीची लेक. पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळून हातात दिली तेव्हा धोटाबाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर भरलेली कांडी!" तेच राहिलं. लेक शहरातली बस चालवायची. जावई बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारा. लेकीची रजा संपत आली होती. ठरलं असं होतं की लेक डेपोत परत रुजू होणार आणि कांडीला आजी सांभाळणार. धोटाबाईंनी निवृत्तीही त्याच हिशोबानं घेतली होती. माग सुटला तर हाताला दुसरं काहीतरी हवंच ना. हात रिकामे असले की त्या पडद्यांचे धागे उसवत बसत.

मग ती बाटलीची सकाळ आली.

लेक स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून. धोटाबाई खोलीत, मांडीवर कांडी. लेक पाठमोरीच म्हणाली, "आई, बाटली फार गरम आहे. पाजू नकोस एवढ्यात."

"हो गं," धोटाबाई म्हणाल्या.

हा त्यांचा हुकमाचा पत्ता. कुणीतरी काहीतरी म्हणालं एवढं कळलं की 'हो गं', 'बरं', 'ऐकलं ऐकलं'. दहातल्या नऊ वेळा जगाला एवढंच हवं असतं. त्यांनी बाटली उचलली आणि कांडीच्या ओठांना लावली.

कांडीनं जी किंकाळी फोडली ती मात्र त्यांना ऐकू आली. लेक धावत आली, बाटली हिसकावली, बोट पाण्यात बुडवून इवल्या ओठांवर फिरवलं. ओठ लाल झाला होता, एवढंच. पण लेकीचा चेहरा पांढराफटक.

"तू हो म्हणालीस!"

"म्हणाले ना."

"कशाला हो म्हणालीस? काय म्हणाले होते मी?"

धोटाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पेंटरनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं. ब्रश बिचारा काय सांगणार?

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे... माहीत असं नाही," पेंटर म्हणाला. "मी आपला समोर जाऊन बोलतो."

लेकीनं बाटली ओट्यावर नेऊन ठेवली. मग आईच्या अगदी समोर येऊन बसली. "उद्या कान तपासायला जायचं. आणि रजा संपेपर्यंत मला खात्री पटली नाही, तर कांडीला मी सासूबाईंकडे पाठवणार. त्या कधीपासून बोलवताहेत."

सासूबाईंचं गाव म्हणजे दूरचा पल्ला. कांडी तिकडेच रांगणार, तिकडेच पहिलं पाऊल टाकणार, आणि आजी म्हणून ओळखणार ती तिकडच्या आजीला. धोटाबाई उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि एक धागा ओढू लागल्या. घर्रर्र, खट.

कान तपासणारी मुलगी लेकीपेक्षाही लहान दिसत होती. खोली छोटी, दार फ्रिजसारखं जाड. धोटाबाईंच्या कानांवर हेडफोन चढवून तिनं हातात एक बटण दिलं. "काकू, टींग आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी."

धोटाबाईंनी भराभर बटण दाबलं. एकही टींग चुकू दिलं नाही. परीक्षा म्हटली की त्यांना चेव यायचा.

मुलीनं मान तिरकी केली. "छान. आता खुर्ची फिरवा बरं. भिंतीकडे तोंड."

"का? मी चुकले?"

"नाही हो. तुम्ही माझा खांदा बघत होतात. मी कळ दाबली की माझा खांदा हलतो, ते मलासुद्धा आज कळलं."

भिंतीकडे तोंड करून धोटाबाई बसल्या. भिंतीवर नुसती भोकाभोकांची फळी. आता खांदा नाही, ओठ नाहीत, पेंटर नाही. होता तो फक्त माग. इतका जवळ की लाकडाचा वास यावा. त्या घर्रर्रमध्ये कुठे टींग वाजलं का? वाजलं असेल. दाबलं. पुन्हा वाजलं? दाबलं. मग त्यांनी मागाच्या प्रत्येक खटला बटण दाबायला सुरुवात केली, कारण निदान तो आवाज तरी खरा होता.

शेवटी मुलगी समोर येऊन बसली. एक कोरा कागद घेऊन तिनं तो आपल्या तोंडासमोर धरला. कागद जरासा थरथरला. धोटाबाई वाट बघत राहिल्या.

"काय म्हणाले मी?" कागद खाली करून मुलीनं विचारलं.

"काहीच नाही म्हणालात. तोंडावर कागद धरल्यावर आवाज कसा येईल, बाई?"

कोपऱ्यात बसलेल्या लेकीनं पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. धोटाबाईंना आपण काय बोललो ते एका क्षणानं कळलं. कागद होता तो. भिंत नव्हती.

"मग इतकी वर्षं ही आमच्याशी बोलत कशी होती?" लेकीनं विचारलं.

"डोळ्यांनी." मुलगी आता दोघींना दिसेल अशी बसली. "असं बघा, काकू. कानाकडून येणाऱ्या आवाजाची मेंदूत एक खोली असते. कानाचं पाठवणंच कमी झालं, तर ती खोली रिकामी किती दिवस राहणार? डोळ्यांनी तिथं थोडं बिऱ्हाड मांडलं. तुम्ही ओठ वाचता, खांदे वाचता, ते त्या भाडेकरूचं काम."

"आणि हा माग?"

"तो मेंदूचाच. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण काय करतो? आवाज वाढवत जातो. स्टेशन काही येत नाही, खरखर तेवढी मोठी होते. तुमच्या मेंदूनं तेच केलंय. काही ऐकू येईना, म्हणून बटण पिळलंय पार शेवटपर्यंत. गिरणीच्या गोंगाटात ते झाकलेलं राहिलं. घर शांत झालं आणि उघडं पडलं."

"मग ते बटण खाली करा की!"

"माझ्या हातात नाही, काकू. कानात मशीन घालून खरे आवाज परत पाठवायचे. मग मेंदू हळूहळू बटण उतरवतो. माग पुरता थांबेल असं वचन नाही देत, पण मागे सरकतो बहुतेकांचा. मात्र सुरुवातीला सगळं अंगावर येईल. खूप अंगावर येईल. तरी रोज घालायचं. डबीत ठेवलेलं मशीन काही ऐकत नाही."

मशीन कानात चढलं, आणि अंगावर येईल म्हणजे काय ते घरी पोचायच्या आधीच कळलं. रस्ता फुटला. स्कूटरी कवटीतून जात होत्या. स्वतःच्या चपला मागून कुणीतरी चालत असल्यासारख्या वाजत होत्या. धोटाबाई वळून वळून बघत होत्या. घरात नळ म्हणजे धबधबा, वर्तमानपत्र म्हणजे पत्र्याचं छप्पर उडालेलं. जेवताना स्वतःचंच चावणं इतकं मोठं की त्यांनी घास गिळून टाकला.

"अहो, तुम्ही एवढ्या जोरात रंग लावता?"

"नेहमीसारखाच लावतोय," पेंटर म्हणाला. "ऐकायला तू आत्ता आलीस."

त्यांनी मशीन काढून बटणांच्या डब्यात टाकलं. लेकीनं काढून पुन्हा हातात ठेवलं. त्यांनी उशीखाली लपवलं. लेकीनं तिथूनही काढलं. "आई, मी बस शिकले तेव्हा पहिल्या दिवशी रडत घरी आले होते. तू काय म्हणाली होतीस?"

"ती बस होती. ही डोक्यात चालवायचीय."

पण त्या घालत राहिल्या. कांडीसाठी. आणि जोडीला एक चोरटा धंदाही सुरू केला. कपाटाचा आरसा स्वयंपाकघराच्या दारात आला. पेंटरकडच्या जुन्या काचेच्या पाट्यांचे दोन तुकडे खिडकीत टेकवले गेले. ओट्यापाशी उभं राहिलं की एका आरशातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून थेट पाळण्यात. कांडीची मूठ हलली की आजी हजर.

लेकीनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी कमरेवर हात. "हे घर आहे की सलून?"

"उजेड छान पडतो."

"उजेड? हा आरसा बरोबर पाळण्याकडे बघतोय. आई, भाडेकरूला आणखी एक खोली देतेयस तू!"

आरसे गेले. त्यानंतरचे दिवस धोटाबाईंनी बसून काढलेच नाहीत. नळ सोडला की नळात कांडी रडायची. खुर्ची सरकली की खुर्चीत रडायची. रस्त्यावरच्या ब्रेकमध्ये, कुकरच्या शिट्टीच्या आधीच्या फुसफुशीत, सगळीकडे कांडीच. हात पुसत धावायचं, तर ती गाढ झोपलेली. परत ओट्यापाशी. पुन्हा रडली? पुन्हा धाव. या टोकाहून त्या टोकाला, त्या टोकाहून या टोकाला. शेवटी इतक्या वेळा पाळण्यात डोकावल्या की कांडी जागी होऊन खरंच रडायला लागली.

"झोपलेलं पोर उठवणारी आजी पहिल्यांदाच बघतोय," पेंटर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. नाही, बोला. बोला, पण तोंड फिरवून बोला. सराव होऊ दे."

"म्हणजे बायकोशी पाठ करून बोलायचं? आयुष्यभराचं स्वप्न होतं माझं."

संध्याकाळी त्या गॅलरीत आल्या. रस्त्यापलीकडच्या गॅलरीत ठसका उभी होती, गिरणीतली जुनी सोबतीण, शेजारच्या मागांवरची. दोघींचं बोलणं रोज असंच रस्त्यावरून चालायचं, एक शब्दही न उच्चारता.

'काढून टाक तो भोंगा,' ठसका ओठांनी म्हणाली. 'आपण काय कमी ऐकतो?'

'कांडी जाईल ना गं,' धोटाबाईंच्या ओठांनी सांगितलं.

ठसका काहीतरी म्हणणार तेवढ्यात तिचे खांदे हलले. याच खांद्यांवरून तिला गिरणीत ठसका नाव पडलं होतं, दिवसभर खोकायची. धोटाबाईंनी तो खोकला आयुष्यभर पाहिला होता. आज रस्ता क्षणभर मोकळा होता, आणि पलीकडून एक बारीक, कोरडा, चिमणीच्या पंखाएवढा आवाज आला. ठसकाचा खोकला. त्यांना वाटत होतं तो मोठा, भरदार असेल. इतकं लहानसं होतं ते.

'काय झालं?' ठसकानं विचारलं.

'काही नाही. औषध घे खोकल्याचं,' धोटाबाई म्हणाल्या आणि लगबगीनं आत गेल्या. कुठे जायचं ते मात्र कळेना. दोन खोल्यांतून दोनदा फिरून आल्या.

आणि मग तो दिवस आला. लेकीला डेपोत कळवायचं होतं: येतेय की रजा वाढवतेय, आणि कांडी इथे की सासूबाईंकडे. तिनं आईला काही सांगितलं नाही. कांडीला आतल्या खोलीत झोपवलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली. धोटाबाई ओट्यापाशी भांडी घासत होत्या, दाराकडे पाठ. पेंटर मधल्या जागेत जमिनीवर बसून एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता.

नळ चालू. माग चालू. भांड्यांचा खणखणाट कानात.

कांडी रडली.

धोटाबाईंनी भांडं टाकलं, ओल्या हातांनी वळल्या आणि सरळ आतल्या खोलीत गेल्या. कांडीला उचललं, खांद्यावर घेतलं. गॅलरीतून लेक धावतच आली.

"आई! ऐकलंस! नळ चालू असताना ऐकलंस तू!" तिनं आईला कांडीसकट मिठी मारली. दारात पेंटर ब्रश हातात धरून हसत उभा, पायजम्यावर लाल रंग ठिबकतोय. "बघ," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?"

धोटाबाईंच्या जिभेवर 'हो गं' येऊन बसलं. नुसतं ओठ उघडायचे होते. बाकी सगळं त्या दोन शब्दांनी केलं असतं. डेपोत फोन, रजेचा शेवट, आणि कांडी इथेच, या खांद्यावर. कांडीचा तो ओठ त्यांच्या मानेला लागला होता. केव्हाच बरा झालेला.

"नाही ऐकलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी नाही ऐकलं. पातेलं घासत होते ना, चकचकीत. त्याच्या पोटात तुझे बाबा दिसत होते. त्यांची मान खोलीकडे वळली, म्हणून मी आले."

पेंटर खाली बघू लागला, जणू मान वळवली हा त्याचाच गुन्हा. लेकीचे हात आईच्या खांद्यांवरून सुटले. तिनं फोन उचलला आणि खिडकीपाशी गेली. पाठमोरी.

ओठ दिसत नव्हते. खांदे दिसत होते, पण खांदे काही सांगत नव्हते. कानातल्या मशीनमधून तुकडे येत होते: एक शब्द, मग रस्त्यावरचा हॉर्न, मग 'हो साहेब', मग माग. धोटाबाई कांडीला घेऊन दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पेंटरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्याच्या तोंडून नको होतं.

लेकीनं फोन ठेवला. खिडकीकडे बघतच काहीतरी म्हणाली.

"मला ऐकू नाही आलं," धोटाबाई म्हणाल्या. "काय म्हणालीस? परत सांग."

लेक वळली. आईकडे बघत राहिली. या घरात हे वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

"म्हटलं, सकाळची पाळी मागून घेतलीय. दुपारी मी घरी. सकाळी बाबांनी पाट्या इथेच रंगवायच्या, बाहेर जायचं नाही."

"म्हणजे कांडी..."

"इथेच."

"पण मी ऐकलं नाही ना?"

"नाही ऐकलंस." लेकीनं कांडीच्या पायातला सुटलेला मोजा वर ओढला. "पण उद्या मी बाटली गरम आहे म्हटलं आणि तुला आलं नाही, तर तू विचारशील. त्या दिवशी विचारलं नव्हतंस."

पेंटरनं नाक ओढलं. "मला कुणी विचारतच नाही. सकाळी मला बाहेरची कामं आहेत."

"अहो, तुमची मान लागणार आहे," धोटाबाई म्हणाल्या. "बाकीचा माणूस गेला तरी चालेल."

कांडी खांद्यावरच झोपली. पाळण्यात ठेवली. लेक म्हणाली, आता जरा बस. धोटाबाई खुर्चीच्या टोकावर टेकल्या. माग चालूच होता. किंचित लांब गेल्यासारखा, शेजारच्या खात्यात नेल्यासारखा, किंवा तसं वाटत असेल.

"रडली का गं?"

"नाही."

पंखा फिरत होता. पंख्याला आवाज असतो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"आता?"

"नाही गं आई."

"मग आता काय वाजलं?"

"बाबांचा ब्रश. आई, बस ना जरा निवांत!"

"बसते, बसते," धोटाबाई म्हणाल्या, आणि उठून बघायला गेल्या.